वानोळ्याचे अंजीर

"हॅलो?… हॅलो… हो, अकोला. अकोलाच हाय… वच्छलाबाई, हो, मीच… अमरावतीवरून? द्या बाई, द्या जोडून… हो, थांबली मी."

वच्छलाबाईंच्या हाताला अजून ज्वारीचं पीठ होतं. शेजारच्या वकीलीणबाईंनी भिंतीवरून हाक मारली, "अहो, तुमचा ट्रंक कॉल!" आणि त्या तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावल्या होत्या. सगळ्या गल्लीत फोन होता तो एकट्या वामनराव वकिलांच्या बैठकीत. ते साल त्रेसष्ट. साधी खुशाली पोस्टकार्डावर यायची. फोन आला म्हणजे घरात कोणीतरी खाटेला खिळलं असणार, एवढंच तेव्हा बायकांना ठाऊक. वच्छलाबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"हॅलो… कोण, जानराव?… तूच नं रे? आवाज कसा विहिरीतून येते तुहा… आधी सांग, सारे बरे हाय का?… शकुन?… अन् गाई-ढोरं?… मंग ट्रंक कॉल कायले केला बाप्पा! तव्यावरची भाकर टाकून पळत आली मी… हसून काय राहिला? थांब, बसू दे मले."

जानराव त्यांचा धाकटा भाऊ. वरूडकडे त्याचा संत्र्याचा बगीचा. शकुन त्याची एकुलती एक लेक, आणि तिचं लग्न बावीस दिवसांवर आलं होतं.

"हं, बोल आता… कुठून बोलतं म्हणते?… गोदामातून? कोणत्या?… त्या थंड गोदामातून! ते, जिथं बटाटे ठेवते, ते?… कोल्ड स्टोरेज, हो हो, तेच… साहेबांच्या टेबलावरून? मंग नीट बस बाप्पा. खुर्चीवर पाय घेऊन नको बसू, तुले सवय हाय… मिळालं माहं कार्ड? चांगलं झालं… वाचून काय दाखवतं, मीच लिहिलं नं ते… हो… हो… 'अंजीर पावले. फार गोड होते. सर्वांनी आवडीने खाल्ले.' हो, असंच लिहिलं… हो रे, माहंच अक्षर."

इथे वच्छलाबाईंनी आवाज जरा खाली आणला. समोर वकीलीणबाई सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. ऐकत नसल्यासारखं करायचं आणि एक शब्द सोडायचा नाही, ही कला त्यांना चांगली साधलेली होती.

"कायचा ट्रक?… उद्या?… उद्या सकाळी साराच बगीचा तोडतं? सारेच अंजीर?… अन् थेट इथं, गोदामात… लग्नापर्यंत… बावीस दिवस."

त्या अंजिरांची गोष्ट वच्छलाबाईंना सगळी माहीत होती. चाळीस झाडं होती ती. जानरावाच्या बायकोनं, मनकर्णानं, दौलताबादेहून कलमं आणली होती, ओल्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. संत्र्याच्या मुलखात अंजीर लावते म्हणून सगळं गाव हसलं. जानरावही हसला होता. तिनं विहिरीवरून घागरीनं पाणी घातलं, आणि एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हसा. माह्या शकुनच्या लग्नात एकेका पानावर दोन दोन अंजीर वाढीन." झाडं भराला यायच्या आत ती तापानं गेली. त्याला दोन वर्षं झाली. यंदा चाळीसच्या चाळीस झाडं लदबदली होती. फक्त लग्नाच्या आधी तीन आठवडे. म्हणून जानरावानं एक टोपली थंड गोदामात ठेवून पाहिली, वीस दिवसांनी काढली, आणि बगीच्यावरच्या नत्थुजीच्या हाती अकोल्याला बहिणीकडे पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, अक्का, तू सांग कसे लागते ते. तू म्हणशील तसं करीन.

"ऐकून राहिली नं मी… हो… हो, मनकर्णा म्हटली होती. माह्यासमोरच म्हटली होती ते… पानावर दोन दोन. हो राजा… तिचा शब्द. तो तं राहिलाच पाहिजे… जानराव, मी काय म्हणते… सारेच कायले ठेवतं? थोडेसे ठेव… अर्धे… बरं, मंग दोन दिवस थांबून पाहू… फळ थांबत नाही. हो, ते खरंच, थांबत नाही… कोण? तीन मिनिटं झाली? … हो बाई, तोच वाढवते, तिकडून… वाढवलं का रे?… बरं."

भाऊ फार खुशीत होता. ते त्याच्या आवाजावरूनच कळत होतं. दोन वर्षांत वच्छलाबाईंनी हा आवाज ऐकला नव्हता. तो जेवायला बसे, उठे, विचारलं तर "जेवलो" म्हणे. पण असं भरभरून बोलणं नाही. आणि आता तो व्याह्यांबद्दल सांगत होता, धामणगावच्या त्या शहरी माणसांच्या पानावर अंजीर पडले म्हणजे कसे बघतील ते सांगत होता.

"हो… बघतीन नं… तोंडात बोट घालतीन, हो… जानराव. अरे, ऐक ना. माहं जरा ऐक. एक मिनिट बोलू नको."

"ते अंजीर गोड नव्हते."

"…"

"ऐकू आलं का?… नव्हते म्हटलं. नव्हते गोड… अजून मोठ्यानं काय सांगू रे, वकिलांचं सारं घर ऐकून राहिलं!"

वकीलीणबाईंनी सूप खाली ठेवलं. आता न ऐकल्यासारखं करण्यात काही अर्थ नव्हता.

"हॅलो?… हाय का तू?… मंग बोल काहीतरी. शिवी दे, पण बोल… हो, मीच लिहिलं. मीच लिहिलं 'फार गोड'… कावून म्हणजे? वानोळा होता नं तो! माहेरचा वानोळा. पहिल्या फळाचा. त्याले नाव ठेवते का कोणी?"

शेतात जे पहिलं पिकतं त्यातलं थोडं लेकीच्या घरी पाठवायचं, तो वानोळा. वच्छलाबाईंच्या आईनं सासरी पाठवताना बजावलं होतं, माहेरचं आलं ते गोडच म्हणायचं. पस्तीस वर्षं त्यांनी ते पाळलं. किडका हरभरा आला, त्यांनी 'टपोरा' लिहिलं. एकदा तर काकड्या इतक्या कडू होत्या की ढोरांनीही तोंड फिरवलं, तरी कार्ड गेलंच, 'काकड्या फार गोड'. अंजिराच्या टोपलीबरोबर आलेली चिठ्ठी त्यांनी वाचली नव्हती असं नाही. पण हात कार्डावर गेला आणि सवयीनं तेच लिहून मोकळा झाला.

"चुकलं माहं. चुकलं… तू विचारलं होतं, हो, चिठ्ठीत होतं… मले वाटलं, तू उगाच विचारलं असन, जसं विचारते तसं… मले काय माहीत तू माह्या एका शब्दावर ट्रक बोलावशीन!… हं… हं… सांगते. सारं सांगते. जसं झालं तसं सांगते, काही झाकत नाही आता.

"टोपली उघडली तं दिसाले काय दिसे म्हणून सांगू! जांभळे, ताठ, आत्ता झाडावरून उतरवल्यासारखे. तुहे भाऊजी म्हणे, वा रे जानराव… हो, दिसाले चांगलेच होते. दिसाले तं नवरदेवासारखे होते… मंग? मंग मी एक तसंच थंडगार खाल्लं. काय लागलं सांगू? पाणी. पाणी अन् बिया. दाताखाली नुसती कचकच… वास नाही. अंजिराले कसा वास असते, दुधासारखा, मधासारखा, तो नाही. गोणपाटाचा वास अन् संत्र्याच्या सालीचा… हो, तिथं संत्रे होते नं बाजूले? पकडला मंग त्यांनी तो वास.

"मी म्हटलं, गारठले असतीन. जरा गरम होऊ द्या. म्हणून ताटात मांडून ठेवले ओसरीवर. अकोल्याचा चैत्र तुले माहीत हाय… तं घंट्याभरात सारे घामेजले. थेंब थेंब, ताप उतरणाऱ्या माणसाच्या कपाळावर येते तसे… पुसले मी फडक्यानं. पुसलं तं साल फडक्यासंगं निघाली… हो… दिवेलागणीले सारे बसले. फुटले. ताटात चिकट पाणी. अन् सकाळी आंबूस वास, शिर्क्यासारखा, अन् देठापाशी पांढरी बुरशी. जानराव, गंमत सांगू? ताट रातभर खाली होतं तं एक मुंगी नाही लागली त्याले. एक मुंगी!… भाऊजींनी? त्यांनी अर्धं खाल्लं अन् म्हणे, कोहळं हाय का हे, बिनमिठाचं… नाही, कार्डात मी नाही लिहिलं ते. कसं लिहीन?"

पलीकडे जानराव वाद घालायला लागला होता. वच्छलाबाईंना बरं वाटलं. वाद घालणारा माणूस शाबूत असतो.

"प्रवासानं? नाही रे. नत्थुजीनं मांडीवर टोपली घेऊन आणली, ओल्या फडक्यात. मोटारीत कोणाले टेकू नाही दिलं. अन् पहिलं तं मी आल्याआल्या खाल्लं, सांगितलं नं… साहेब काय म्हणते?… बटाटा चार महिने राहते. राहीन नं. संत्रंही राहते… अरे, संत्र्याले साल केवढी! कोट घालून बसलेलं असते ते. अंजिराच्या अंगावर काय हाय? लेकराच्या ओठासारखी साल… साहेबांचा दोष नाही म्हणते मी. साहेबांनी तं थंडी दिली, तू मागितली म्हणून… हो, त्याइले सांग, वच्छलाबाई तुमाले नाव नाही ठेवत.

"कसे तोडले होते तू?… खरं सांग… जरा कच्चेच. टिकावे म्हणून. बघ!… संत्र्यासारखं… अरे, ते तोडल्यावर पिकत नाही राजा! झाडावर गोड झालं तं झालं. तू गोडी यायच्या आधीच खुडलं अन् बर्फात नेऊन ठेवलं, मंग ते बिचारं गोड कुठून होईन?… तुमी संत्रेवाले. तोडलं, पेटीत भरलं, गाडी आली नागपूरची, चालले. साऱ्या जगातलं फळ तुमाले संत्रंच वाटते… मनकर्णा? ती कशी तोडे? अरे, ती तोडेच कुठं! तेव्हा झाडाले दोन-चारच लागत, तरी हात खाली धरे अन् वाट पाहे… हो. आठवते नं?"

वकीलीणबाईंनी उठून पाण्याचा पेला आणून वच्छलाबाईंच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला वकिलांच्या जाडजूड कायद्याच्या पुस्तकावर ठेवला. वकीलीणबाईंनी तो गुपचूप उचलला.

"हॅलो… हो, हाय मी… लग्नात मंग काय वाढायचं, असं?… तिचा शब्द. हो… जानराव, रडवेला नको होऊ. मी सांगते तसं कर. शकुनचं गडगनेर माह्याकडे व्हायचं बाकी हाय की नाही? आत्याचं जेवण लग्नाआधी नवरीले द्याच लागते… हो. ते अकोल्याले नाही करत मी. तुया बगीच्यात करते. येत्या रविवारी, झाडाखाली… हो, वरूडले! मीच येते पोळ्या लाटाले, मंग काय… अरे, नवरीनं आत्याकडे यायचं, आत्या नवरीकडे आली तं काय आभाळ पडते? धामणगाववाल्या व्याह्यांलेही बोलाव. नवरदेवालेही. येऊ दे… पानं मांड झाडाखाली, पळसाची. अन् ताजे अंजीर, त्याच सकाळचे, एकेका पानावर दोन दोन… कावून नाही होणार? मनकर्णा काय म्हटली होती? शकुनच्या लग्नात, पानावर. गडगनेर लग्नातच येते. पान तं पानच हाय… हो… आईच्या झाडाखाली बसून खाईन पोरगी. मांडवात बसून गारठलेलं खाण्यापेक्षा…

"हं… हं… म्हणजे ट्रकवाल्याले नाही सांगतं नं?… सांग आत्ताच… शाबास माहा भाऊ."

पण तिकडून शाबासकीला साजेसा आवाज आला नाही. जानराव काहीतरी हळू बोलला. लाइनमध्ये खरखर होती. वच्छलाबाईंनी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"काय?… मी शनिवारीच येऊ? येईन… कायले?… कोणतं झाड पिकलं ते मी चाखून सांगू? तुले नाही कळत? जन्म गेला तुहा झाडाखाली, अन्… काय?… काय म्हटलं तू आत्ता? पुन्हा सांग."

वकीलीणबाईंनी मान वर करून पाहिलं. वच्छलाबाईंचा चेहरा पार उतरला होता.

"तूही खाल्लं होतं?… कधी?… मले टोपली पाठवायच्या आधी. तिथंच, गोदामात… अन्?… काहीच नाही लागलं… मंग तेव्हाच नाही का समजलं तुले?… काय समजलं?… तुहंच तोंड गेलं? … थांब. थांब, हळू सांग… मनकर्णा गेल्यापासून… भाकरीचीही चव नाही… वरणाचीही… दोन वर्षं, जानराव? अन् कोणाले नाही सांगितलं?… म्हणून मले पाठवले. आपल्या तोंडाचा भरवसा नाही म्हणून… अन् मंग माहं कार्ड आलं."

'फार गोड होते. सर्वांनी आवडीने खाल्ले.'

"अन् तू पक्कं धरलं. की अंजीर गोड हाय, सारे गोड म्हणते, फक्त आपल्यालेच आता काही लागत नाही. अन् तरी तू… तरी तू इतक्या खुशीनं ट्रक सांगितला. दुसऱ्यांले गोड लागते नं, मंग झालं, असं?… अरे राजा… अरे माह्या राजा… नाही, नाही रडत मी. पदराले पीठ हाय, ते डोळ्यात गेलं.

"ऐक. तुया तोंडाले काही नाही झालं. चव त्या अंजिरातच नव्हती. मले नाही लागली, तुया भाऊजींले नाही लागली, मुंगीले नाही लागली. तुलेच कशी लागीन?… ते भाकरीचं वेगळं. भाकर एकट्यानं खाल्ली तं कोणालेच गोड नाही लागत… नाही, उगाच समजूत नाही काढून राहिली. एक डाव खोटं लिहिलं, आता नाही बोलत.

"तुयाजवळ ताजं हाय का एखादं? आत्ता, तिथं?… साहेबांसाठी आणले? पायापाशी टोपली? कधी तोडलेले?… आज पहाटचे. उघड… साहेबांसमोर म्हणून काय झालं! सांग त्याइले, मोठ्या बहिणीचा हुकूम हाय… हसले? मंग देवमाणूस हाय बाप्पा. उघड तू… नाही, ताठ नको घेऊ. मान टाकलेलं पाहून घे, देठापाशी वाकलेलं… सालीले बारीक चिरा असतीन… खाली, तोंडापाशी मधाचा थेंब आला का? हं. तेच. तेच घे… पुसू नको. देठ काढ, त्याचा चीक ओठाले लागला तं जळजळ होते… आता हातानं दोन भाग कर. आतून लाल?… खा."

बैठकीत भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. वकीलीणबाई सूप विसरल्या होत्या. वच्छलाबाईंनी रिसीव्हर इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. नुसती खरखर, आणि तिच्या पलीकडे कुठेतरी, खूप लांब, गोदामातल्या यंत्राची घरघर.

"…"

"जानराव?"

"…"

"काय?… काय म्हटलं?… तोंड भरलं हाय तुहं, मले एक अक्षर नाही समजून राहिलं… नको, नको बोलू. आधी गीळ… दुसरं घेतलं? … घे. घे नं… साहेबांचं राहू दे, साहेब उद्या खातीन… मी हाय इथंच. कुठं नाही जात. तू सावकाश खा."

मग मध्येच एक्स्चेंजची बाई आली.

"हॅलो?… हो बाई… नाही, बोलत नाही आमी, खरं हाय… नाही झालं, बोलणंही नाही झालं… हो, समजते मले, लाइन अडून राहिली… पण तोडू नका बाई. जरा थांबा. माहा भाऊ खाऊन राहिला."

बाईनं लाइन लगेच तोडली की थोडी थांबून, ते वच्छलाबाईंना कळलं नाही. वकीलीणबाईंनी हलकेच त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून जागेवर ठेवला, तेव्हाही त्यांचा पिठाचा हात कानापाशी तसाच होता.